गव्हाणीतला खिळा, काळजापर्यंत



गोष्ट १९९८ सालची आहे. विरारच्या पूर्वेला, जीवदानीच्या डोंगरापलीकडे एका पाड्यावर भाताच्या बियाण्याच्या कामासाठी माझे जाणे-येणे असे. तिथल्या एका घरी दीड एकर भात आणि बँकेचे कर्ज काढून घेतलेली एक मुऱ्हा म्हैस एवढीच इस्टेट. म्हैस व्याल्याला तीन आठवडे झाले होते. दोन्ही वेळचे मिळून नऊ लिटर दूध देत होती. दुधाच्या पैशातून कर्जाचा हप्ता जायचा आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांचेही भागायचे.

एके दिवशी मी गेलो तो वहिनी रिकामी चरवी घेऊन दारातच उभ्या. म्हणाल्या, "साहेब, कालपासून म्हैस वैरणीला तोंड लावत नाही. दूध दोन लिटरवर आलं. उठता-बसता कण्हते."

मी शेतीचा पदवीधर, जनावरांचा डॉक्टर नव्हे. पण गावात साहेब म्हटले की माणसाला सगळेच येते असे लोक धरून चालतात, आणि खरे सांगायचे तर साहेबालाही तसे वाटू लागते. मी म्हटले, "व्याल्यानंतर आंबोण जास्त झालं असेल. अपचन आहे. ओवा, हिंग आणि गूळ द्या, दोन दिवस पेंड बंद ठेवा." दोन दिवसांनी म्हशीने थोडा चारा खाल्ला. आम्हाला वाटले, उतार पडला. दहा दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा तिच्या छातीखाली आणि जबड्याखाली सूज लोंबत होती, आणि मानेची शीर अंगठ्याएवढी फुगून दोरखंडासारखी दिसत होती.

तेव्हा कुठे डॉक्टरांना आणले. त्यांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकले आणि हळूच म्हणाले, "हिच्या काळजाभोवती पू झालाय. दहा दिवसांपूर्वी बोलावलं असतं तर काही करता आलं असतं." चौथ्या दिवशी म्हैस गेली. कर्ज घेताना उतरवलेला विमा त्या वर्षी संपला होता आणि नवा उतरवायचा राहून गेला होता. म्हैस गेली, हप्ते मात्र चालूच राहिले.

डॉक्टरांनी शवविच्छेदन केले तेव्हा मी शेजारी होतो. काळजावरची पिशवी एरवी पातळ आणि चकचकीत असते. ती इथे जाड, खरखरीत झालेली आणि आत घाण वासाचे पिवळट पाणी व पुवाचे थर. त्या थरात अडकलेली होती चार बोटे लांबीची तार. घराच्या मागे नवी खोली बांधायला काढली होती. सळया बांधायची ती मऊ काळी तार. तिचे तुकडे कारागिरांनी जिथे टाकले, त्याच्या शेजारीच पेंढ्याची गंजी होती.

त्या दिवशी मी जे शिकलो ते आज आपल्यापुढे मांडतो आहे.

जनावर खिळा खाते तरी कसे?

शेळी पाने ओठांनी निवडून खाते. गाय-म्हैस तसे करत नाही. ती जिभेचा वेढा घालून चाऱ्याचा घास ओढते, अर्धवट चावते आणि गिळून टाकते. बारीक चावण्याचे काम पुढे सावकाश रवंथ करताना व्हायचे असते. त्यामुळे घासाबरोबर तार, खिळा, सुई जे काही येईल ते तसेच आत जाते. बकरीच्या पोटात तार क्वचितच सापडते आणि म्हशीच्या पोटात वारंवार, याचे कारण हेच.

आपल्या गाई-म्हशींना पोटाचे चार कप्पे असतात. पहिले मोठे कोठीपोट, त्याला लागून मधाच्या पोळ्यासारखी घरे असलेले लहान जाळीपोट, मग पडदेपोट आणि शेवटी खरे पोट. लोखंडाची वस्तू जड, म्हणून ती बहुधा जाळीपोटाच्या तळाशी येऊन बसते. बोथट वस्तू तिथे वर्षानुवर्षे गपगुमान पडून राहते. पण टोकदार असेल तर घात होतो, कारण जाळीपोट स्वस्थ बसणारे नाही. मिनिटाला साधारण एकदा ते मूठ आवळावी तसे जोराने आवळले जाते. प्रत्येक आवळीबरोबर तारेचे टोक भिंतीत थोडे थोडे रुतते.

आता जागा लक्षात घ्या. जाळीपोटाच्या लगेच पुढे छाती आणि पोट यांच्यामधला पातळ पडदा आहे, आणि पडद्याच्या पुढे अवघ्या काही बोटांवर हृदय. म्हणजे पोटात रुतलेली तार पुढे सरकली की पडदा भेदून थेट काळजाकडेच निघते. जनावर गाभण असेल तर शेवटच्या महिन्यांत वासराचे ओझे पोटाला पुढे रेटते, आणि विताना कळा देताना तर मोठाच जोर बसतो. म्हणून हा आजार विण्याच्या आगेमागे पुष्कळदा उघडकीला येतो. त्या पाड्यावरच्या म्हशीचे तेच झाले होते.

काळजाची पिशवी

हृदय छातीत उघडे लोंबत नसते. त्याच्याभोवती दुहेरी पातळ पिशवी असते. तिला हृदयावरण म्हणतात. दोन पदरांमध्ये थोडे ओशट पाणी असते. बैलगाडीच्या आसाला वंगण घालतो तसेच ते समजा. त्यामुळे हृदय दिवसरात्र हलते पण घासत नाही.

तार या पिशवीत शिरते ती एकटी शिरत नाही. पोटातल्या सडत्या चाऱ्यातले जंतू ती बरोबर घेऊन जाते. पिशवीत जंतू वाढतात, पदर सुजतात, आधी घासू लागतात आणि मग मध्ये पाणी व पू साठतो. पिशवी काही फुग्यासारखी भराभर ताणली जाणारी नाही. आत पू भरत गेला की हृदयाला उमलायला जागा उरत नाही. ते भरत नाही, म्हणून पुढे रक्त ढकलूही शकत नाही. मागे येणारे रक्त तुंबते, मानेची शीर फुगते, आणि तुंबलेल्या रक्तातले पाणी पाझरून छातीखाली, पोळीत आणि जबड्याखाली सूज येते. सूज दिसते गळ्याला, पण दुखणे असते काळजाला.

हा रोग एका जनावराचा दुसऱ्याला लागत नाही. पण एकाच गव्हाणीत तोच चारा खाणाऱ्या दुसऱ्या जनावराच्या पोटातही तार गेली असू शकते, हे विसरू नये.

आमच्या भागात लोखंड फार

वसई-विरारचा पट्टा जुन्या काळापासून मुंबईला गवत आणि दूध पुरवत आला. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या डोंगरातले गवत कापून, दाबून, त्याच्या गासड्या मुंबईच्या तबेल्यांकडे जात. १९४५ साली वारली बांधवांनी गोदावरी परुळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाठबळाने जो लढा दिला, त्यात गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न मोठा होता, इतका हा धंदा मोठा. दाबलेली गासडी तारेने बांधलेली असली की तार तोडताना तुकडे उडतात आणि ते वैरणीतच राहतात. ही खबरदारी गासडीची वैरण विकत घेणाऱ्या प्रत्येकाने आजही घ्यायला हवी.

पुढे विरारचे रूप पालटले. लोकलने मुंबईला कामावर जाणाऱ्यांची वस्ती वाढली, इमारती उठल्या, २००९ साली महानगरपालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला. शेजारी चाळ, पलीकडे टॉवर आणि मध्ये एखादा गोठा, अशी आज कित्येक ठिकाणची स्थिती. जिथे बांधकाम तिथे खिळे, तारा आणि पत्र्याचे तुकडे आलेच. मोकळी सोडलेली गाय त्याच जागेत चरते.

पण सगळा दोष शहराला देऊन भागणार नाही. आपल्याच घरातून किती लोखंड गव्हाणीत जाते ते पाहा. खराटा तारेने बांधलेला असतो, तो झिजला की उकिरड्यावर. कुंपणाची झापे तारेने आवळलेली. थंडीत शेकोटीला जुना टायर जाळतो. रबर जळते, पण आतल्या तारा राखेत राहतात आणि ती राख जाते शेतात. देवाचे किंवा लग्नातले हार आपण पुण्य म्हणून गाईपुढे टाकतो, त्यात तार आणि टाचण्या असतात. आकाशकंदिलाचा सांगाडा, तुटलेल्या बादलीची कडी, गोधडी शिवताना हरवलेली सुई, केसांतली पिन, कशाकशाची नावे घ्यावीत? आणि कडबा कापायच्या यंत्रात एक लांब तार गेली की तिचे दहा टोकदार तुकडे होऊन बाहेर पडतात.

आणखी एक गोष्ट. चाऱ्यातून क्षार कमी पडले की जनावर माती, हाडे, चिंध्या, लोखंड चाटू-चघळू लागते. अशा जनावराला डॉक्टरांच्या सल्ल्याने क्षारमिश्रण सुरू करावे.

ओळखावे कसे?

सुरुवातीची लक्षणे अपचनासारखीच असतात. मी फसलो तो इथेच. म्हणून नीट लक्षात ठेवा.

जनावर एकाएकी खाणे सोडते. दूध एका दिवसात निम्म्याखाली येते. रवंथ बंद होते. शेण थोडे आणि घट्ट पडते. अंगात ताप असतो, साधारण १०३ ते १०४ अंश. ते पाठ कमानीसारखी वर करून उभे राहते आणि पुढच्या पायांची कोपरे छातीपासून फाकवून धरते. चालताना जपून पाऊल टाकते. चढ चढते, पण उतारावरून खाली यायला तयार होत नाही, कारण उतरताना पोटाचा भार पुढे येतो आणि तार टोचते. बसताना, उठताना, शेण टाकताना कण्हते. निरोगी जनावराच्या खांद्यावरच्या उंचवट्याची कातडी चिमटीत धरून दाबली तर ते पाठ खाली वाकवते. तार टोचत असलेले जनावर पाठ वाकवायला नाखूश असते, किंवा कण्हते.

दोन-तीन दिवसांनी पुष्कळदा ताप उतरतो, जनावर थोडे खाऊ लागते आणि घरच्यांना हायसे वाटते. हाच फसवा काळ. आत तार पुढे सरकतच असते. मग मानेची शीर फुगते, पोळीला आणि जबड्याखाली सूज येते, थोडे चालले तरी धाप लागते. डॉक्टरांना नळीतून हृदयाचे ठोके दुरून आल्यासारखे किंवा पाण्यात खळबळल्यासारखे ऐकू येतात. इथवर आले की जनावर वाचवणे फार कठीण.

गळ्याची सूज पाहून घटसर्प म्हणून गडबडू नये आणि उलट घटसर्पाला तार समजून बसूही नये. घटसर्पात ताप फार चढतो, गळा गरम आणि दुखरा असतो, घरघर लागते आणि जनावर एक-दोन दिवसांत जाते. पाणथळ भातखाचरात चरणाऱ्या जनावरांना यकृतातल्या पर्णकृमीमुळेही जबड्याखाली पाणी साठते, पण ते दिवसेंदिवस खंगत जाते, संडास पातळ असते आणि मानेची शीर अशी फुगत नाही. निदान मात्र डॉक्टरांनीच करावे. आपले काम एवढेच की वेळेवर बोलवावे.

पहिल्या दिवशी काय करावे?

जनावराला पळवू नये, टेम्पोत चढवून बाजार दाखवू नये. बळेच नाळीने तेल किंवा काढे पाजू नयेत. श्वासनळीत गेले तर दुसरेच संकट. पुढचे पाय वीतभर उंच राहतील अशी माती भरून किंवा फळी टाकून जागा करावी आणि तिथे शांत बांधावे. त्यामुळे पोटाचा भार मागे राहतो आणि तार पुढे सरकण्याचा धोका कमी होतो. आणि त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात निरोप धाडावा. राज्यात फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे, तो गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावा.

लवकर बोलावले तर डॉक्टर जंतुनाशक औषधे देतात आणि तोंडावाटे लोहचुंबक सोडतात. तार अजून पोटातच असेल तर ती चुंबकाला चिकटून मागे राहते आणि जखम भरून येते. तेवढ्याने भागले नाही तर डावी कूस उघडून, कोठीपोटातून हात घालून तार काढण्याची शस्त्रक्रिया करतात. ती वेळेवर झाली तर जनावर पुन्हा दुधाला येते. सोय असेल तिथे क्ष-किरण आणि ध्वनिलहरींच्या तपासणीने तार आणि पिशवीतले पाणी पाहता येते. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालापासून चालू आहे. अवघड जनावर मोठ्या रुग्णालयात पाठवायचे की नाही हे आपले डॉक्टर सांगतील. पिशवीत पू झाल्यावर बरगडी काढून तो वाहून लावण्याचे प्रयत्नही होतात, पण त्यातून जनावर वाचेलच असा भरवसा धरता येत नाही. औषधे चालू असताना आणि बंद केल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध डेअरीला घालू नये.

चुंबकाची राखण

या रोगाला लस नाही. पण राखणदार आहे, तो म्हणजे लोहचुंबक. बोटाएवढा लांब, गुळगुळीत, दोन्ही टोके गोल असलेला चुंबक कालवडीला किंवा पारडीला पहिल्या वेताआधीच डॉक्टरांकरवी गिळवतात. तो जाळीपोटात जाऊन बसतो आणि बहुधा जन्मभर तिथेच राहतो. पुढे येणारे खिळे-तारा त्याला चिकटून राहतात, भिंतीत रुतत नाहीत. परदेशातल्या दूधउत्पादकांत ही पद्धत अनेक दशके रूढ आहे. एका जनावराला एकच चुंबक पुरतो. मात्र तांबे, पितळ किंवा ॲल्युमिनियमची तार चुंबकाला चिकटत नाही, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीपुढे तर तो काहीच करू शकत नाही. म्हणून चुंबक दिला तरी गव्हाण झाडायचे चुकत नाही.

दुसरा चुंबक गोठ्यासाठी. भंगारवाल्याकडे जुन्या रेडिओच्या किंवा लाऊडस्पीकरच्या कर्ण्यातला गोल चुंबक मिळतो. तो काठीला घट्ट बांधावा आणि आंबोण कालवण्याआधी भुशातून, कोंड्यातून व कापलेल्या कडब्यातून फिरवावा. आठवड्यातून एकदा गव्हाणीतून आणि गोठ्याच्या दारातूनही फिरवावा. हे काम मुलांना द्या. ती खेळ म्हणून करतील आणि किती लोखंड निघते ते तुम्हालाच येऊन दाखवतील. हा चुंबक जनावराच्या पोटात मात्र कधीही घालू नये.

माणसाचे काय?

म्हैस गेली त्या दिवशी घरातल्या आजींनी मला विचारले होते, "साहेब, माणसाच्या काळजालाही अशी पिशवी असते का हो?" असते. आणि तिच्यातही जंतू शिरून पाणी किंवा पू होतो. फरक इतकाच की माणूस तार गिळत नाही, त्याला हे जंतू बहुधा फुप्फुसाच्या आजारातून किंवा रक्तावाटे पोचतात. आपल्या देशात याचे एक मोठे कारण क्षयरोग आहे.

छातीत सुरीसारखे दुखते, आडवे पडले किंवा खोल श्वास घेतला की वाढते, पुढे वाकून बसले की थोडे कमी होते. ताप, धाप, पायांवर सूज येते. अशा माणसाला वातविकार म्हणून मालिश करत घरी ठेवू नये. पू झाला असेल तर तो तातडीने काढावा लागतो आणि जंतुनाशक औषधे द्यावी लागतात. क्षयामुळे असेल तर दुखणे सावकाश येते. बारीक ताप राहतो, वजन घटते, मग धाप लागते. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. ती निदान सहा महिने, मध्ये खंड न पाडता, डॉक्टर सांगतील तोवर घ्यायची. बरे वाटले म्हणून मध्येच सोडली तर रोग उलटतो. क्षय जनावरालाही होतो आणि कच्च्या दुधातून माणसाला येऊ शकतो, म्हणून धारोष्ण दुधाची हौस सोडून दूध उकळूनच प्यावे.

घरच्यांनी करायचे

बांधकाम काढाल तेव्हा गंजी आणि गव्हाण तिथून दूर हलवा. कारागिरांना पहिल्याच दिवशी एक जुना डबा द्या आणि तारेचा तुकडा त्यातच टाकायला सांगा. गासडीची तार कापून मोजून बाजूला ठेवा. हारातली तार काढल्याशिवाय फुले गाईपुढे टाकू नका. शिवणाची सुई हरवली तर ती सापडेपर्यंत शोधा. विम्याची तारीख पंचांगावर खूण करून ठेवा. आणि जनावर कण्हू लागले की शेजाऱ्याचा, भगताचा किंवा माझ्यासारख्या शेतीच्या साहेबाचा सल्ला घेत बसू नका, डॉक्टरांना बोलवा.

त्या पाड्यावरच्या घरी मी पुढेही जात राहिलो. कर्ज फिटायला त्यांना चार वर्षे लागली. मग त्यांनी पुन्हा एक म्हैस घेतली. तिला आणले त्याच आठवड्यात डॉक्टरांकडून चुंबक दिला, आणि विम्याचा बिल्ला कानात मारून झाल्यावरच तिला पहिले आंबोण घातले. वहिनींनी गोठ्याच्या खांबाला एक डबा बांधला. झाडताना सापडेल तो खिळा, तार, पिन त्यात पडते. डबा भरला की धाकटा भंगारवाल्याला देतो आणि येईल त्या पैशाचा गूळ म्हशीला मिळतो.

वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतो, पायांवर पाणी घालतो, घास भरवतो. यंदा पूजेच्या आदल्या दिवशी काठीला चुंबक बांधून गोठ्यात एक फेरी मारा. जे निघेल ते घरातल्या सगळ्यांना दाखवा. त्यातला एकही तुकडा आपल्या जनावराच्या काळजापर्यंत गेला नाही, हीच त्या वर्षीची खरी पूजा.